फणसाची पाणबुडी

मामा माझ्या बायकोचे. वाद मामा-भाचीचा. माझं काम चहा करायचं आणि मध्ये तोंड न घालायचं. त्या रविवारी डोंबिवलीत मी ही दोन्ही कामं बऱ्यापैकी पार पाडली, म्हणून हे लिहू शकतोय.

मामा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते, तेही पाणबुडीचे. आपल्या नौदलाच्या ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ या पाणबुड्या जर्मनीत कीलला बांधल्या गेल्या आणि पुढच्या दोन, ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’, मुंबईत. त्या कामासाठी जी माणसं कीलला शिकायला गेली, त्यांत मामा होते. ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली आणि त्यानंतर पुढच्या पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ साल उजाडलं. एवढं शिकवून तयार केलेले हात इतकी वर्षं दुसऱ्याच कामाला लावले, हे मामांचं कायमचं दुखणं. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या लष्करी वस्तूंचा नाद लागला. बिल्ले, होकायंत्रं, एक फुटकी दुर्बीण. मामींचा त्यासाठी एकच शब्द आहे: भंगार.

भाची एका संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम करते. तिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, भिंग असतं.

टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर एक पाणबुडी होती. अडीच वीत लांब, करड्या रंगाची, लाकडी. मधोमध बुरूज, पुढे तोफ, नाकापासून बुरुजापर्यंत ताणलेली बारीक तार. खाली फळी आणि फळीवर बंदुकीच्या काडतुसांचे दोन पितळी खांब, त्यांवर ती बसवलेली.

“अकरा हजार,” मामा म्हणाले. “वास्कोतलं एक जुनं घर रिकामं करत होते. एहरनफेल्सच्या खलाशानं केलेली आहे.”

“असं कोण म्हणतं?”

“विकणारा.”

“मग लाकडाचे दोन हजार आणि गोष्टीचे नऊ,” भाची म्हणाली आणि तिनं भिंग काढलं.

एहरनफेल्सची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा एहरनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या तीन जर्मन मालवाहू बोटी मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबल्या; एक इटालियन बोटही तिथे होती. गोवा पोर्तुगीजांचा, पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे इंग्रजांना हात लावता येईना. एहरनफेल्सवर छुपा ट्रान्समीटर आहे आणि त्यावरून ब्रिटिश जहाजांचा ठावठिकाणा जर्मन पाणबुड्यांना कळवला जातो, असा इंग्रजांचा संशय होता. ९ मार्च १९४३च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीचे काही लोक गाळ वाहणाऱ्या एका बार्जमधून मुरगावात शिरले; ती बार्ज कलकत्त्याहून अख्खा देश वळसा घालून आली होती. मळेवाले, कंपन्यांचे साहेब, बरेचसे पोटं सुटलेले मध्यमवयीन गृहस्थ. एहरनफेल्सचा कॅप्टन मारला गेला आणि जर्मनांनी आपल्या बोटी स्वतःच बुडवल्या. हे प्रकरण पुढे कितीतरी वर्षं झाकलेलं होतं. १९७८ मध्ये जेम्स लीझरचं पुस्तक आलं, १९८० मध्ये त्यावरून ‘द सी वुल्व्ह्ज’ हा सिनेमा निघाला, ग्रेगरी पेक आणि रॉजर मूरचा. त्याचं चित्रीकरण गोव्यातच झालं होतं.

“तिथंच घोळ आहे,” भाची म्हणाली. “सिनेमानंतर वास्कोत कुणाच्याही माळ्यावर काही जर्मन दिसणारं सापडलं, तर ते एहरनफेल्सचंच ठरणार. दुसरं नाव कुणाला माहीत आहे?”

“अगं, पण साडेतीन वर्षं ती माणसं बंदरात नुसती बसून होती. घरी जाता येत नाही, काम नाही. हाताला चाळा नको? बसलेल्या माणसाचे हात काहीतरी करतातच.”

हे तिलाही मान्य होतं. तिनंच मग नॉर्मन क्रॉसचं सांगितलं. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ नेपोलियनच्या काळात फ्रेंच युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. त्या कैद्यांनी शिध्यात आलेल्या मांसाची हाडं साफ करून, तासून त्यांतून शिडांची जहाजं केली, अगदी तोफा-दोरखंडांसकट. छावणीच्या बाजारात ती विकली जात. आज ती संग्रहालयांत काचेआड आहेत.

“पण त्यांतली बरीच जहाजं चुकीची आहेत,” ती म्हणाली. “घेणारे इंग्रज, म्हणून नावं इंग्रजी जहाजांची. खऱ्या जहाजाशी मापं जुळतीलच असं नाही. विकायला केलेली वस्तू आणि आठवणीसाठी केलेली वस्तू यांत फरक असतो, मामा. तुझी कुठली ते आधी बघू.”

मग तपासणी सुरू झाली. मला दुसऱ्या चहाचा हुकूम झाला.

बुडाशी रंग खरवडला गेला होता आणि आत पिवळं लाकूड दिसत होतं. मामांनी नखानं दाबून पाहिलं. “फणस.” जर्मन पाइन नाही, डेकवरचा साग नाही, कोकण-गोव्यातला घरगुती फणस. भाचीनं कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा बुरुजाच्या बुडाशी धरला. काही मिनिटांत तपकिरी चिकट डाग आला, आणि वास. सरस. जुन्या सुतारांच्या दुकानात ज्यांनी नाक मुरडलंय त्यांना हा वास सांगावा लागत नाही.

“बघ!” मामा म्हणाले.

“काय बघ? सरस माझ्या लहानपणीही सुतार वापरत होते. आणि इकडे शेपटीकडे पांढरं काय आहे? हा फेव्हिकॉल. तो आला १९५९ ला.”

“कुणीतरी डागडुजी केली असेल.”

“असेल. आणि ही तोफ?”

तिनं भिंग मामांकडे सरकवलं. मामांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. मीही वाकून पाहिलं. तोफेची नळी म्हणजे बॉलपेनची पितळी रिफिल होती. टोकाकडचा निमुळता भाग तसाच होता, फक्त गोळी काढलेली. बॉलपेन अमेरिकेतसुद्धा दुकानात आलं ते १९४५ च्या ऑक्टोबरात. वास्कोच्या माळ्यावर पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली असणार.

मामा दोन मिनिटं गप्प होते. मग त्यांनी टाचणीच्या टोकानं तोफेच्या बुडाशी टोकरलं. “ही नळी नंतर बसवलीय. मूळ भोक मोठं आहे. रिफिल हलू नये म्हणून सुताचा दोरा गुंडाळलाय. मूळ तोफ पडली असणार, पोरांनी खेळताना तोडली असणार.”

भाचीनं पाहिलं. दोरा होता, भोकही मोठं होतं. तिनं मान डोलावली. हार मानली असं नाही, पण नोंद घेतली.

मला वाटतं, वादाला खरी धार आली ती यानंतर. तोवर दोघं वस्तूच्या वयावर बोलत होते. मामांनी मॉडेल उलटं केलं आणि ते माणसावर बोलायला लागले.

“हे बघ बयो. वरचा भाग बघ. डेकच्या फळ्यांच्या रेघा चाकूनं एकेक ओढल्यात. टाचण्यांचं रेलिंग. तार कुठून कुठे जाते ते बरोबर. तोफ बुरुजाच्या पुढे, बरोबर. १९४३ नंतर जर्मनांनी अशा बहुतेक पाणबुड्यांवरच्या या तोफा काढून टाकल्या आणि विमानविरोधी तोफा वाढवल्या. म्हणजे ज्यानं केलीय त्याच्या डोळ्यांपुढे आधीची पाणबुडी होती. आता खाली बघ. काय आहे? ओंडका. पुढची-मागची आडवी सुकाणू नाहीत, बाजूच्या टाक्यांचा फुगवटा नाही. आणि पंखा बघ, डब्याच्या पत्र्याचा, एकच. कीलजवळ लाबोला समुद्रकाठावर यू-९९५ उभी करून ठेवलीय, सदुसष्ट मीटर लांब. मी तिच्या मागे उभा राहिलोय. दोन पंखे असतात तिला, दोन. एक पंखा बहुतेक मालवाहू बोटीला असतो. ज्यानं हे केलं त्यानं आपल्या बोटीचा पंखा पाणबुडीला लावला! त्यानं पाणबुडी फक्त पाण्यावरून पाहिली होती. सुक्या गोदीत कधीच नाही.”

माझ्या आठवणीत मामा एवढं सलग कधी बोललेले नाहीत. आणि मग त्यांनी कपाटाच्या खणातून रुमालात गुंडाळलेली एक पुडी काढली. आत पितळेचे दोन चिमुकले पंखे होते, तीन-तीन पात्यांचे, कानशीनं घासून आरशासारखे केलेले.

“हे काय?” भाचीचा आवाज चढला.

“दोन आठवडे लागले. जुना काढून हे बसवतो. निदान खालून तरी पाणबुडी दिसेल.”

“मामा, हात लावशील तर बघ!”

यावरची खडाजंगी मी गाळतो. जुनी वस्तू बरोबर करावी की चुकीसकट ठेवावी, हा वाद संग्राहकांच्या घरोघरी असतो आणि दोन्ही बाजूंचे शब्द ठरलेले असतात. एवढंच सांगतो की मामांचं म्हणणं कारागिराचं होतं: चूक दिसतेय, हातात कानस आहे, मग चूक राहू कशी द्यायची? आणि भाचीचं म्हणणं असं की तुझ्या सगळ्या पुराव्यात एकच खणखणीत पुरावा आहे, हा चुकीचा पंखा, आणि तू तोच काढायला निघालास.

मामा पुडी बांधता बांधता म्हणाले, “तो चोरबाजारातला तर झेंडा बसवून देतो म्हणत होता.”

बुरुजाच्या मागे झेंड्याच्या काठीचं बारीक भोक आहे. काठी नाही, झेंडा नाही. एक विक्रेता म्हणाला होता, स्वस्तिकवाला छोटा झेंडा लावा, मी चाळीस हजारांना काढून देतो. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. जर्मनीत अशी चिन्हं जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे. अभ्यास, कला, शिक्षण यांना सूट आहे, पण बाजारात मांडताना त्यावर चिकटपट्टी लागते. बाजाराचा हा उलटा न्याय मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला: पट्टीखाली जे झाकायचं, त्याच्यामुळेच भाव चढतो.

“झेंडा नाही म्हणून तुला ही चालते,” भाची म्हणाली. “असता तर?”

“तर घेतली नसती.”

“नक्की? पाणबुडी तीच असती. मारलेली माणसंही तीच. तुझ्या कपाटात आपल्या खलाशांचं काय आहे, सांग. मशीद बंदरला सेलर्स होममध्ये जाऊन बघ. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेले दोन हजारांवर खलाशी, ज्यांना पाण्याशिवाय कबर नाही, त्यांची नावं तिथे आहेत. दुसऱ्या युद्धातल्या व्यापारी बोटींवरचे सुमारे सहा हजार. आपल्या रत्नागिरीकडचे, गोव्याचे, सिल्हेटचे. बॉयलरपुढे कोळसा ओढणारे, स्वयंपाकी, स्टुअर्ड. त्यांच्या एका तरी आगबोटीचं मॉडेल आहे तुझ्याकडे?”

“बाजारात येत नाही ती.”

“कारण मागत नाही कुणी.”

मामा उठले आणि वरच्या फळीवरची दुसरी पाणबुडी घेऊन आले. प्लॅस्टिकची, किटमधून जोडलेली, मापात चोख. जपानी आय-२९. आमच्या घरांतून नेताजींवर श्रद्धा नसलेला माणूस शोधावा लागेल. फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून यू-१८० मधून निघालेले नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या बाजूला, खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून या आय-२९ वर चढले. “ही पण शत्रूचीच म्हणशील?” मामांनी विचारलं. त्यांना वाटलं, हा हुकमी एक्का.

भाचीनं ती हातात घेतली, फिरवून पाहिली. “‘तिलावा’ माहीत आहे?”

मामांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून साडेनऊशेहून जास्त माणसं घेऊन पूर्व आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ तिसऱ्या दिवशी पहाटे अरबी समुद्रात टॉर्पेडोनं बुडाली. २८० माणसं गेली. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरनं परत मुंबईला आणून सोडलं. टॉर्पेडो मारणारी पाणबुडी होती आय-२९. पाच महिन्यांनी तिच्यात नेताजी चढले. जुलै १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकन पाणबुडीनं तीही बुडवली.

“मी ही टाकून दे म्हणत नाहीये,” भाची म्हणाली. “खाली चिठ्ठी लावशील तेव्हा दोन्ही लिही, एवढंच.”

मामांनी उत्तर वेगळ्याच बाजूनं दिलं. लाबोपासून थोड्याच अंतरावर, त्याच खाडीच्या काठावर म्योल्टेनोर्ट आहे, पाणबुडीवाल्यांचं स्मारक. उंच खांबावर गरुड आणि खाली अर्धगोलात ब्राँझच्या पाट्या, पाणबुडीवार नावं. दोन्ही युद्धांचे मिळून पस्तीस हजारांच्या आसपास, त्यांतले तीस हजार दुसऱ्या युद्धातले. पाणबुडीवर गेलेल्या दर चार जर्मनांमागे तीन परत आले नाहीत. “मी तिथे रविवारी गेलो होतो. एक म्हातारी एका नावावर बोट ठेवून उभी होती. मी दिवसभर जे वेल्डिंग शिकत होतो ना, त्याचा अर्थ मला तिथे कळला. सांधा सुटला तर आतल्या सगळ्यांची नावं एकाच पाटीवर. आणि नावं वाचताना ती कुणाच्या बाजूची, हे सुचतच नाही.”

“मला सुचतं,” भाची म्हणाली. “पण तुझं खोटं आहे असं नाही म्हणत मी.”

चहा संपला होता. तिनं मॉडेल पुन्हा जवळ घेतलं आणि स्टँडच्या काडतुसांच्या बुडाकडे भिंग धरलं. .३०३ ची काडतुसं, खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आणि ४२ हा आकडा. “ब्रिटिश फौजेची गोळी. तटस्थ गोव्यातल्या जर्मन खलाशाकडे कशी?”

“चोरटा माल. गोव्याची हद्द काय चाळणीच होती.”

“किंवा मग केलं ते जर्मनानं नाहीच.” ती थांबली. मग टेबलाशी वाकून तिनं मॉडेल डोळ्यांच्या किंचित वर धरलं, नाकाकडून पाहिलं. “मामा, बुरूज फार मोठा नाही का?”

“आहे. मापात निम्मा हवा.”

“आणि नाक फार उंच. आता इथून बघ, खालून. असं कुणाला दिसेल? टॉर्पेडो मारल्यावर पाणबुडी पुष्कळदा वर यायची, लाइफबोटीतल्या लोकांना विचारायची, तुमच्या बोटीचं नाव काय, माल काय, कुठे चाललात. लाइफबोटीत बसलेल्या माणसाला ती अशीच दिसणार. वरचं सगळं तपशीलवार, कारण ते आयुष्यभर विसरणार नाही. खालचं काहीच नाही, कारण दिसलंच नाही. पंखा आपल्या बोटीचा. लाकूड परसातल्या फणसाचं. गोव्याचा तारवटी, म्हणजे खलाशी, असेल तो. बुडालेल्या बोटीवरचा स्टुअर्ड. घरी आला, आणि ज्यानं बुडवलं त्याला कोरत बसला...”

बोलता बोलता तिचे डोळे चमकत होते. मला काटा आला, हे कबूल करतो. त्या क्षणी मला ते शंभर टक्के खरं वाटलं होतं.

मामा शांतपणे म्हणाले, “पुरावा?”

ती गप्प.

“विकणाऱ्यानं माझ्याकडून गोष्टीचे नऊ हजार घेतले. तू फुकट दिलीस, एवढाच फरक. बयो, बुरूज मोठा करायला लाइफबोट लागत नाही. पोरं काढतात त्या चित्रातल्या माणसाचं डोकं पण मोठंच असतं.”

भाची हसली आणि मग तिघंही हसलो. तिनं पर्समधून संग्रहालयाचं कोरं कार्ड काढलं. दोघांनी मिळून, एकेका शब्दावर भांडत, त्यावर लिहिलं: पाणबुडीची प्रतिकृती, जर्मन धाटणीची. फणसाचं लाकूड, डब्याचा पत्रा, टाचण्या, तांब्याची तार. सरस, शेपटीकडे नंतरचा फेव्हिकॉल. तोफेची नळी नंतरची, बॉलपेनची रिफिल. स्टँड .३०३ च्या काडतुसांचा, खडकी, ४२. झेंड्याची काठी नाही. वास्को इथे खरेदी. त्याखाली ‘विकणाऱ्याचं म्हणणं’ असं लिहून एहरनफेल्स, आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘भाचीचं म्हणणं’ असं लिहून तारवटी. ही शेवटची ओळ मामांच्या हट्टानं आली.

आम्ही निघालो तेव्हा मामा कार्ड कपाटात ठेवत होते. पितळी पंख्यांची पुडी त्यांनी त्याच खणात टाकली. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा मी कार्ड उलटून पाहिलं. मागे मामांच्या अक्षरात, पेन्सिलीनं दोन ओळी होत्या.

पंखे दोन हवेत, एकच आहे. दुरुस्त करू नये.